मागच्या पायाखालची फट

१९ मार्च

बिटर वेल्सला येऊन आज तीन आठवडे झाले. हँगरमध्ये एकच विमान आहे. चार इंजिनांचं, तेवीस वर्षं प्रवाशांची ने-आण करून निवृत्त झालेलं. त्यातल्या खुर्च्या काढून टाकी बसवायची, पोटाला दारं पाडायची आणि उन्हाळ्यात वणवा पेटला की वरून अकरा हजार लिटर लाल चिखल ओतायचा. चिखल म्हणजे आग अडवणारं औषध. वैमानिक त्याला चिखलच म्हणतात. कंपनीने आजवर नौदलाची जुनी गस्ती विमानं अशी बदलली आहेत, प्रवासी जेट मात्र पहिल्यांदाच.

माझं काम तपासणीचं. दुसऱ्याने केलेलं काम बघायचं, पटलं तर माझ्या नंबरचा शिक्का मारायचा. फिनिक्सच्या आधीच्या नोकरीत मी रजेवर असताना माझा शिक्का कोणीतरी वापरला होता. चौदा कागदांवर. चौकशीत मी निर्दोष ठरले, पण नोकरी गेली ती गेलीच. कोणी वापरला ते आजही माहीत नाही. ज्या पाच जणांबरोबर मी रोज डबा खात होते, त्यांच्यातलाच एक. तेव्हापासून शिक्का गळ्यात असतो, साखळीला.

मुलाखतीत मी हे सगळं मालकाला, वेंडेल स्ट्रॉडला, सांगून टाकलं. तो म्हणाला, "म्हणजे तुझा कोणावरच विश्वास नाही."

"नाही."

"मग मला तूच हवीस, लेनोरा."

कोणी इतक्या सरळपणे माझी किंमत करून कितीतरी वर्षं झाली होती.

२७ मार्च

खुर्च्या निघाल्या. खाली नाणी, एक डूल, तान्ह्या बाळाचा मोजा आणि दातांची अख्खी कवळी सापडली. पत्रेकामाचा प्रमुख ग्राशियन इतुरी कवळी हातात धरून म्हणाला, "हा गृहस्थ उतरल्यावर जेवला कसा असेल?" सगळे हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तपासनीसबाई, माणसं खुर्चीत पट्टा लावून बसतात. पाणी बसत नाही. अकरा टन पाणी आत हिंदकळायला लागलं की फरशीखालच्या या बीमना कळेल आयुष्य काय असतं."

'तपासनीसबाई' म्हणायची त्याची तऱ्हा मला आवडत नाही. सदुसष्ट वर्षांचा आहे, बास्क मेंढपाळांच्या घरातला. हात इतके मोठे की रिव्हेट त्यांत दिसतही नाही. काम चांगलं करतो. चांगलं काम करणाऱ्यांवर जास्त लक्ष ठेवावं लागतं, कारण त्यांच्याकडे कोणी बघत नाही.

९ एप्रिल

टाकी बसली. ती एका लोखंडी पाळण्यात ठेवलेली आहे आणि पाळण्याचे चार पाय विमानाच्या फरशीखालच्या बीमवर टेकलेले आहेत. आज जेवायच्या सुट्टीत सगळे बाहेर उन्हात बसलेले असताना मी विसरलेला चष्मा घ्यायला आत गेले, तर विमानाच्या पोटात बॅटरीचा उजेड. ग्राशियन मागच्या डाव्या पायापाशी पालथा पडला होता. मला बघताच त्याने एक छोटी वही मिटून शर्टाच्या खिशात टाकली.

"जेवलात का?" मी विचारलं.

"भूक नव्हती."

त्याचा डबा बाहेर बाकावर उघडा होता. अर्धा खाल्लेला. म्हणजे घाईने उठून आला होता.

१० एप्रिल

वेंडेलला सांगितलं. त्याने आधी उठून दार लावलं. मग म्हणाला, "ग्राशियन इथे यायच्या आधी ऑरेगनमध्ये होता, माहीत आहे ना? तिथली एक कंपनी आपल्यासारखंच जेट करू बघतेय. मी काही आरोप करत नाही हं. म्हातारा मला वडिलांसारखा आहे."

"मग वही कसली?"

"तेच तर. तू फक्त बघत राहा. त्या मागच्या भागात तो किती वेळा जातो, काय लिहितो. मला तोंडी सांग. कागदावर काही नको, उगाच माणसाचं नाव खराब होतं."

त्याचा हा विचार मला भला वाटला. मी असते तर लिहून ठेवलं असतं. म्हणजे, इथे लिहिते आहेच.

२ मे

पहिली चाचणी. गावाबाहेरच्या मैदानावर खुंट्यांवर हजारो कप लावले होते, ओळींनी, एकसारख्या अंतरावर. विमान वरून पाणी सोडतं, मग सगळे धावत जाऊन कपांना झाकणं लावतात आणि प्रत्येक कपाचं वजन होतं. कुठे किती पडलं ते त्यावरून कळतं. सरकारी बोर्डाची माणसं वह्या घेऊन उभी होती.

ऑगी लिंडक्विस्टने विमान इतक्या खाली आणलं की माझी टोपी उडाली. पाणी सुटलं आणि अकरा टनांचं ओझं तीन सेकंदांत उतरल्यावर विमान असं वर उसळलं, जणू कोणी खालून ढुशी दिली. मधल्या ओळींत जास्त पाणी पडलं, कडेला कमी. चाचणी पुन्हा होणार.

विमान उतरलं. इंजिनं पुरती थांबायच्या आत ग्राशियन पोटाखाली. हातात फिलर गेज, फटी मोजायच्या पातळ पट्ट्या. सगळे कप मोजत होते आणि हा माणूस एकटाच दुसरं काहीतरी मोजत होता.

६ मे

त्याच्या मागून पोस्टापर्यंत गेले. गाडी पलीकडे दवाखान्यापाशी उभी केली. त्याने जाडजूड लिफाफा खिडकीत दिला. तो गेल्यावर मी आत जाऊन तिकिटं घेतली आणि टोपलीत वरच पडलेल्या लिफाफ्यावरचा पत्ता वाचला. ऑरेगन. खाली माणसाचं नाव होतं, कंपनीचं नव्हतं. कंपनीचं नाव घालायला तो काही खुळा नाही.

वेंडेलला सांगितलं, तर त्याचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं. त्याने विचारलं, "लिफाफ्यात वही होती की नुसते आकडे?" मला कसं कळणार?

१८ मे

दोन दिवसांत सात वेळा पाणी टाकून झालं. कप आता जवळजवळ सारखे भरतात. बोर्डाची माणसं खूश आहेत. एक चाचणी राहिली, ती लाल चिखलाची. मग माझी सही, मग परवाना. यंदा हिवाळ्यात बर्फ पडलाच नाही. जूनपासूनच डोंगर पेटतील असं सगळे म्हणतात.

दुपारी मी ग्राशियनला गाठलं. म्हटलं, "तुम्ही त्या वहीत काय लिहिता ते मला बघायचंय."

तो हात पुसत राहिला. मग म्हणाला, "कुणासाठी बघायचंय? तुझ्यासाठी की वरच्या खोलीतल्या मालकासाठी?"

"त्याने काय फरक पडतो?"

"पडतो, बाई. माझ्यावर नजर ठेवण्यात जेवढा वेळ घालवतेस, त्यातला निम्मा त्या मागच्या डाव्या पायावर घाल. सव्वा महिना माझी पाठ बघतेयस, पाठीच्या पलीकडे काय आहे ते एकदा बघ."

लक्ष दुसरीकडे वळवायची जुनी युक्ती. तो पाय मी ११ एप्रिलला तपासून शिक्का मारला आहे. फट शून्य होती. म्हणजे माझ्याच कामात खोट काढून मला गप्प करायचा बेत.

२३ मे

काल चिखलाची चाचणी पार पडली. आज ग्राशियनला काढलं.

सकाळी वेंडेलने मला बोलावून कागद पुढे ठेवला. "आता मात्र लिहून दे. जे पाहिलंस ते." मी लिहिलं. वही, गेज, लिफाफा, तारखा. शेवटचं वाक्य त्याने सांगितलं: 'कंपनीची माहिती बाहेर पुरवली असावी असा माझा समज आहे.' समजच तो. मी सही केली.

ग्राशियनने हत्यारांची पेटी भरायला तासभर घेतला. कोणी त्याच्याजवळ गेलं नाही. वेंडेलने वही मागितली. तो म्हणाला, "पंचवीस सेंटांची वही आहे, माझ्या पैशांची." आणि निघाला. दारात ऑगीने त्याचा हात हातात घेतला. माझ्याजवळून जाताना तो थांबला नाही.

वेंडेलने दिवसभरात तीनदा विचारलं की वहीतलं एखादं पान तरी माझ्या नजरेला पडलं होतं का. तिन्ही वेळा मी नाही म्हटलं. व्यापारी गुपितांची त्याला फार काळजी.

१ जून

मागच्या पायापाशी एक तपासायची खिडकी होती, हात जाईल एवढी. आज बघते तर तिच्यावर पत्रा. बारा स्क्रू. मला न विचारता. वेंडेल म्हणाला, "चिखल आत जात होता." चिखल आत गेलेला मी तरी पाहिला नाही.

अंतिम तपासणीचा फॉर्म टेबलावर आला आहे. तारीख आधीच टाकलेली, २२ मे. त्या दिवशी, चिखलाच्या चाचणीनंतर, मी पुन्हा तपासणी केलीच नाही, मग ती माझ्या नावावर का?

लगेच मनात नको ते आलं. मला नोकरी देणाऱ्या एकमेव माणसावरही मी आता संशय घ्यायला लागले. हा रोगच आहे. उद्या सही करते.

३ जून

केली नाही. डोकं दुखतंय असं सांगितलं.

४ जून

आज संध्याकाळी स्टेशनसमोरच्या बास्क खाणावळीत गेले. तिथे सगळे एकाच लांब टेबलावर बसतात, घेवड्याच्या सुपाचं भांडं हातोहात फिरतं. समोर ऑगी येऊन बसला.

"कधी उडवायला देतेस?" त्याने विचारलं.

"फॉर्म राहिलाय."

तो पाव मोडत म्हणाला, "म्हातारा असता तर त्याला एक गोष्ट सांगायची होती. प्रत्येक खेपेनंतर मला विचारायचा, मागून काही आवाज आला का म्हणून. आधी नव्हता. शेवटच्या तीन खेपांना आला. पाणी सुटलं की एक ठक्. गुडघा मोडतो ना, तसा."

"वेंडेलला सांगितलंस?"

"सांगितलं की. म्हणाला, दाराच्या बिजागऱ्या आहेत." त्याने सुपाचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "तू जेवत का नाहीयेस?"

मी ते भांडं पुढच्याकडे दिलं. बिजागऱ्या मी स्वतः तपासल्या आहेत. त्या ठक् करत नाहीत.

५ जून, रविवार

ग्राशियनच्या घरी गेले. दार त्याच्या बायकोने, डोमिनिकाने, उघडलं. मी नाव सांगितलं. ती म्हणाली, "माहीत आहे कोण ते," आणि दार उघडंच ठेवून आत निघून गेली. बस म्हणाली नाही.

ग्राशियन मागच्या अंगणात कुंपणाची तार ताणत होता. मी ऑगीचं बोलणं सांगितलं. त्याने पक्कड ठेवली नाही.

"वहीत काय आहे?" मी विचारलं.

"आता कुणासाठी?"

"माझ्यासाठी. आणि ऑगीसाठी."

मग त्याने खिशातून वही काढली. तारखा, आणि पुढे एकेक आकडा. मागच्या डाव्या पायाखालची फट, इंचाच्या हजाराव्या भागांत. आम्ही त्याला थाऊ म्हणतो. ११ एप्रिलच्या पुढे शून्य, आणि कंसात 'तपासनीसबाईंचं मोजमाप बरोबर'. नंतर चार. सहा. नऊ. १८ मे, चौदा. बीम खाली वाकत होता आणि दर खेपेला थोडा जास्त वाकत होता.

"वेंडेलला सांगितलं नाहीत?"

"टाकी बसली तेव्हाच सांगितलं, हा बीम वाकेल म्हणून, आणि आकडा चढल्यावर पुन्हा. म्हणाला, हा उन्हाळा हुकला तर कंपनी उरणार नाही, मोजणं बंद कर. म्हणून जेवणाच्या सुट्टीत मोजत होतो. ऑरेगनचं पत्र पाळण्याचं डिझाइन करणाऱ्या माणसाला. त्याचं उत्तर आलंय. पाचच्या वर गेलं तर थांबा."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं," तो म्हणाला. "तू लिहून घेतलंस. ऐकलं नाहीस."

वही मागायची माझी हिंमत नव्हती. त्याने आपणहून दिली.

६ जून

सकाळी सहाला हँगर उघडला. बारा स्क्रू काढले. गेज आत घातलं. एकोणीस.

पुन्हा घातलं. एकोणीस.

सातला वेंडेल आला. त्याने खाली पडलेला पत्रा बघितला. मग पाळण्याला टेकून, थकल्या आवाजात म्हणाला, "लेनोरा, या गावात बत्तीस घरं या विमानावर चालतात. एक उन्हाळा काढू दे. हिवाळ्यात बीम बदलू."

"आणि ऑगी?"

"ऑगीने याहून मोडकी विमानं उडवलीत."

"मी सही करणार नाही. बोर्डाला कळवणार आहे."

तेव्हा तो जरासा हसला. "काय कळवशील? त्या वहीतले आकडे? ती वही चोराची आहे, असं तूच लिहून दिलंयस. तुझ्या सहीनिशी माझ्याकडे आहे. आणि फिनिक्सची गोष्टही लोकांना कळेलच."

मला पहिल्याच दिवशी का घेतलं, ते मला आज कळलं. हे वाक्य लिहायला मला वीस मिनिटं लागली.

बोर्डाला पत्र टाकलं. वहीतले आकडे घातले नाहीत, फक्त माझे घातले. एकोणीस, दोनदा. दुपारी नोकरीवरून काढल्याचा कागद मिळाला.

२९ जून

विमान जमिनीवरच आहे, बोर्डाचं सील लावून. काल कोरड्या विजा पडल्या आणि पूर्वेचा डोंगर पेटला. सगळ्यात जवळचं दुसरं टँकर विमान दोन तासांवर. ते येईपर्यंत चार कुरणं गेली. डोमिनिकाच्या भावाचं कुरण त्यात आहे. मेंढ्या वाचल्या, चारा गेला.

दुकानात दूध घ्यायला गेले तर गल्ल्यावरची बाई उरलेले पैसे हातावर न ठेवता फळीवर ठेवून म्हणाली, "ते विमान तुम्हीच बांधून ठेवलंत ना?"

मी हो म्हटलं.

खरं सांगायचं तर आज मला स्वतःचाच संशय येतो आहे. गेज चुकीचं धरलं असेल तर? फट असेल, पण बीम आणखी दहा वर्षं टिकला असता तर? धूर खिडकीच्या फटींतून आत येतो आहे. ओला टॉवेल लावून बसले आहे.

१४ जुलै

बोर्डाने टाकी उतरवायला लावली. मला साक्षीदार म्हणून बोलावलं, ग्राशियनलाही. ऑगी बोलावणं नसताना आला. वेंडेल आला नाही, त्याचा वकील आला.

पाळणा उचलला. बीमवरचा रंग खरवडून तरुण इंजिनियरने त्यावर तपासणीचा द्रव लावला आणि थोड्या वेळाने दिवा धरला. तडा. वरच्या पट्टीत सुरू होऊन खाली उतरलेला, बीमच्या उंचीचा दोन तृतीयांश भाग कापलेला. इंजिनियर म्हणाला, "अजून एखादी खेप. फार तर दोन."

ऑगी वाकला. त्याने तड्यावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मग बाहेर जाऊन सावलीत बसला. मी बाटली घेऊन गेले. तो म्हणाला, "मी तुला विचारलं होतं, कधी देतेस म्हणून." पाणी प्यायला त्याला वेळ लागला.

ग्राशियनना त्यांची वही परत दिली. त्यांनी ती उघडून आजच्या तारखेपुढे काही लिहिलं नाही.

२२ जुलै

कंपनी आता वेंडेलच्या भागीदाराकडे गेली आहे. बीम बदलणार, पाळणा नव्याने होणार, विमान पुढच्या वर्षी उडेल. मला परत बोलावलं. ग्राशियननाही बोलावलं, पण अडचण अशी की माझ्या २३ मेच्या कागदामुळे त्यांचा विमानतळावर यायचा पास रद्द झाला आहे. तो कागद मी लेखी मागे घ्यायला हवा.

मी तसं पत्र लिहिलं आणि द्यायच्या आधी त्यांना दाखवायला घरी गेले. ते म्हणाले, "मला कशाला दाखवतेस? डोमिनिकाला वाचून दाखव. दोन महिने ती खाणावळीत गेलेली नाही. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसते. मला चोर म्हटलेलं मी कामाच्या जागी ऐकलं. तिने बाजारात ऐकलं."

डोमिनिका ओट्याशी भाजलेल्या मिरच्या सोलत होती. तिने हात धुतले, पुसले, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. ग्राशियन दाराशी उभे राहिले. मी वाचायला लागले. माझा आवाज मला परका वाटत होता. तारखा वाचल्या. वही, गेज, लिफाफा, प्रत्येक गोष्टीचा खरा अर्थ वाचला. मग शेवटचं वाक्य: 'श्री. इतुरी यांच्याबद्दल माझा बहुधा गैरसमज झाला होता.'

"थांब," डोमिनिका म्हणाली. "परत वाच ते."

मी वाचलं.

"तो 'बहुधा' कशाला?"

मी कागदाकडे बघितलं. शब्द माझ्याच अक्षरात होता. तो मी कधी लिहिला ते मला खरंच आठवेना.

"मला कळत नाही," मी म्हटलं.

"मला कळतंय," ती म्हणाली. तिने फळीवरचं पेन काढून माझ्यापुढे ठेवलं.

मी शब्द खोडला. शेजारी लहान सही केली, तारीख घातली. तिने कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला आणि ते वाक्य, त्या शब्दावाचून, स्वतः मोठ्याने वाचलं. मग कागद माझ्याकडे दिला आणि ग्राशियनना म्हणाली, "आज बाहेर जेवायला जाऊ या. आठच्या आत गेलं तर टेबलाच्या मध्यभागी जागा मिळते."

मला त्यांनी चल म्हटलं नाही. मी कागद घेऊन हँगरकडे निघाले.